हमीदचाचांचा टिपणीस

आमच्या पाटोद्यात गेल्या काही वर्षांत अकरा खून झाले, दोन दरोडे पडले आणि एक चोरी झाली. ते सगळं माझ्या दुकानात टाईप झालं. खऱ्या गुन्ह्यांचं म्हणाल तर गाव आमचं साधं आहे. बाजारच्या दिवशी एखादी पिशवी हरवते आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्या दुकानात विसरलेली असते. बाकीचे गुन्हे हमीदचाचांनी केले, आणि त्यांचा तपास मुंबईहून आलेल्या डिटेक्टिव्ह भास्कर टिपणीसने लावला.

माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आणि हमीदचाचांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान यांच्यात एकच भिंत होती, तीही अर्धीच. त्यामुळे त्यांनी कोणाला काय सांगितलं ते मला ऐकू यायचं आणि मी कोणाचा कोणता फॉर्म चुकवला ते त्यांना. उंच, किडकिडीत माणूस. चष्म्याची एक दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. खिशात कायम एक लोहचुंबक. कोणाच्याही घरी गेले की आधी खाली बसून मशीनच्या आजूबाजूची फरशी चुंबकाने झाडून काढायचे. पडलेल्या सुया गोळा झाल्या की त्या बाईच्या हातात द्यायचे आणि मगच मशीनला हात लावायचे. "लेकरं फिरत्यात," एवढंच म्हणायचे.

त्यांचं पेटंट वाक्य होतं, "मला शक हाय." हे वाक्य ते कशाबद्दलही म्हणत. चहा आला की, "मला शक हाय, दूध सकाळचं न्हाई." आभाळ आलं की, "मला शक हाय, हे जामखेडकडं जाणार." मी केस कापले तेव्हा घरात आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले, "सुरेखाताई, मला शक हाय." मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, तरी मला ताई म्हणायचे. टायपिंग येणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता.

मशीन उघडल्यावर सुईखालची पत्री काढायची आणि तिथे साठलेला दोऱ्याचा कचरा आधी वाचायचा, ही त्यांची कामाची पद्धत. वाचायचा हा शब्द त्यांचाच. एकदा एक बाई मशीन घेऊन आली, म्हणाली आपोआपच बंद पडलं. चाचांनी पत्री काढली, चिमट्याने कचरा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, "घरात मिरचीची पोती हायत का?" होती. बाई शेतावर गेली की नवरा तिच्या मशीनवर पोती शिवत होता. चाचांनी हे तिला सांगितलं नाही. सुई बदलली, शटल घासलं आणि म्हणाले, "कवर करा मशीनला. आन जमलं तर कुलूप." ती गेल्यावर मी म्हटलं, सांगितलं का नाही? तर म्हणाले, "कुणाच्या घरात काय हाय ते आपल्याला दिसतंय, म्हणून लोक आपल्याला घरात घेत्यात का? बोलत न्हाई म्हणून घेत्यात."

हे वाक्य पुढे मला फार आठवलं.

टिपणीस त्यांच्या आयुष्यात आला तो रद्दीतून. चाचा पोरसवदा असताना बीडला एका मशीनच्या दुकानात कामाला होते. मालकाने सुटे भाग गुंडाळायला रद्दी आणली, त्यात डिटेक्टिव्ह टिपणीसची चाळीस पुस्तकं निघाली. चाचांचं शिक्षण उर्दू शाळेत पाचवीपर्यंत. मराठी बोलायला यायचं, वाचायला नाही. पानं फाडता फाडता एका चित्रात एक टोपीवाला माणूस खिडकीतून उडी मारताना दिसला आणि तो का उडी मारतोय हे कळेना. ते कळण्यासाठी ते मराठी वाचायला शिकले. मालकाने विचारलं, रद्दी कुठे गेली? चाचा म्हणाले, उंदीर.

याचा परिणाम असा झाला की चाचा बोलायचे पाटोद्याचं आणि लिहायचे टिपणीसचं. तोंडाने "कावून आलतास बे" म्हणणारा माणूस वहीत लिहायचा, "'थांबा!' टिपणीस गरजला. त्याची भेदक नजर वस्तऱ्याच्या पात्यावर खिळली होती." मी टाईप करताना एकदा 'भेदक' काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी चाचा कागद घेऊन आले आणि म्हणाले, "नजर कुठं गेली?" मी म्हटलं, नजर आहे, भेदक काढलंय. म्हणाले, "मग ती टिपणीसची नजर न्हाई. ती तुमची-आमची झाली."

पण टिपणीसवर त्यांचं नुसतं प्रेम नव्हतं, तक्रारही होती. चाळीस पुस्तकांत हा माणूस मुंबईहून गोव्याला जातो, सिंगापूरला जातो, पण एकदाही आपल्या भागात येत नाही, ही पहिली. आणि दुसरी त्याहून मोठी. "चाळीस पुस्तकांत येकदा बी जेवला न्हाई. कॉफी पितो, सिगारेट वढतो. गुन्हेगार पकडला की पुस्तक संपलं. आरं, त्याला कुणी जेव म्हणंल का न्हाई?" हे ते खरोखर कळवळून सांगायचे. त्या लेखकाला त्यांनी म्हणे तरुणपणी पत्रही टाकलं होतं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी वही आणली.

चाचांच्या कथांत टिपणीस एसटीने येतो. उन्हात टोपी काढून घाम पुसतो. लोकांच्या ओट्यावर बसून चौकशी करतो. त्याला शेंगदाण्याची चटणी सोसत नाही, ज्वारीची भाकरी मात्र दोन खातो. आणि प्रत्येक कथेचं शेवटचं वाक्य एकच: "टिपणीस जेवून निघाला." पुण्यातला माझा भाचा म्हणाला, याला फॅन फिक्शन म्हणतात, जगभर लोक लिहितात असं. मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहू दे. पण त्याला उपाशी पाठवू नका म्हणावं."

आता परवानगीचं सांगते. चाचांच्या कथांत माणसं गावातली, खऱ्या नावांची. म्हणून ते आधी घरी जाऊन विचारायचे, आणि कथा टाईप झाली की शेवटचं पान पंचनाम्याच्या धर्तीवर करायचं. आम्ही खालील सह्या करणारे, वगैरे. मयत, साक्षीदार, पंच, गुन्हेगार, प्रत्येकाच्या नावापुढे त्या त्या माणसाची खरी सही. "मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे." मयतसुद्धा सही करायचा. तळाला एक ओळ: "तपास अधिकारी: डिटेक्टिव्ह भास्कर टिपणीस." तिच्यापुढे मात्र सही नसायची. मी एकदा म्हटलं, चाचा, तुम्हीच करा की त्याच्या नावाची. ते दचकलेच. "त्याची परवानगी कुठं हाय आपल्याकडं? माणूस न विचारता आणलाय आपण. सही बी आपणच करायची?"

तर मरायला गावात कोणाचीच ना नव्हती. उलट रांग होती. सलूनवाला दत्ता दोन वर्षं मागे लागला होता, "चाचा, मला मारा की." हायस्कूलच्या हेडमास्तरांनी अट घातली की मृतदेह सुटाबुटात सापडला पाहिजे, आणि खिशात पेन असावा. मला तिसऱ्या कथेत विष देऊन मारलं, चहातून. चहा मीच केला होता. माझ्या सासूबाईंनी ते पान जपून ठेवलंय.

पण खुनी व्हायला एकही माणूस तयार नाही. कोणाच्या पोराचं लग्न व्हायचं, कोणाची बदली, कोणाचं निवडणुकीचं चाललेलं. सहीचा कागद पुढे केला की माणूस म्हणायचा, "साक्षीदार करा, चाचा. पायजे तर आंधळा करा." त्यामुळे चाचांच्या कथेतला गुन्हेगार कायम बाहेरगावचा. बाहेरगावच्याची परवानगी लागत नव्हती. मग व्हायचं काय, चौथ्या पानावर एक अनोळखी माणूस एसटीतून उतरला की अख्ख्या बाजाराला कळायचं. दत्ता तर तोंडावर म्हणायचा, "चाचा, स्टँडवर उतरला तोच ना?" बाकीचे हसायचे. चाचा हसायचे नाहीत. तेराव्या कथेनंतर त्यांनी दोन महिने वही उघडली नाही. मशीनवर वाकून बसलेले असायचे आणि मला शक हाय हेसुद्धा म्हणेनासे झाले.

इथे गुरुलिंगअप्पा येतात. समोरचं भांड्यांचं दुकान त्यांचं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की त्यांनी गिऱ्हाइकाला नको म्हटलं तरी स्टँडवर ऐकू जावं. चाचांचे हे चाळीस वर्षांचे मित्र. रोज सकाळी दोघं माझ्या दुकानाच्या पायरीवर चहा पीत आणि एकमेकांना मूर्ख ठरवत. प्रत्येक कथेचा पहिला वाचक गुरुलिंगअप्पा, आणि प्रत्येक वेळी मत एकच, "बरी हाय. मागची बरी व्हती."

एके दिवशी चहा संपल्यावर ते म्हणाले, "हमीद, मला कर."

"काय करू?"

"गुन्हेगार कर बे. तुझं तोंड बगवंना आता."

चाचांनी कप खाली ठेवला. "खून करतोस?"

"खून न्हाई. आमच्यात चालत न्हाई. चोरी करतो."

अशी चौदावी कथा जन्माला आली. मठातली चांदीची समई नाहीशी होते, टिपणीस येतो, अनोळखी माणूस एसटीतून उतरतोसुद्धा, पण तो समई चोरणारा निघतच नाही, तो बिचारा आजारी बहिणीला भेटायला आलेला. समई सापडते गुरुलिंगअप्पांच्या दुकानात, सगळ्यात मोठ्या हंड्याच्या आत. मी टाईप करताना थांबून थांबून वाचली. खरंच चांगली होती. गुरुलिंगअप्पांनी 'गुन्हेगार' या शब्दापुढे मोठी, झोकदार सही ठोकली आणि पहिल्यांदाच मागची बरी व्हती म्हणाले नाहीत. बाजारात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. चाचा त्या आठवड्यात चालायचेसुद्धा वेगळे.

आता माझी चूक. दत्ता आला आणि म्हणाला, "सुरेखाताई, गिऱ्हाईक बसलंय, वाचायला टाइम न्हाई. चोर कोण तेवढं शेवटचं पान पाठवा मोबाईलवर." मी पाठवलं. त्याने ते बाजाराच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपमधून ते कुठे कुठे गेलं, हे टिपणीसलाही सांगता येणार नाही. एक मात्र नक्की, ते केजपलीकडच्या युसूफ वडगाव गावात पोचलं.

युसूफ वडगावला गुरुलिंगअप्पांच्या मुलीचं, शिवकांताचं, जमत आलं होतं. जमत आलं होतं म्हणजे काय, तर ती आणि तो मुलगा महेश बीडला फार्मसीला एकाच वर्गात होते, आणि हे स्थळ आपणच शोधलं असं दोन्ही घरांना वाटावं म्हणून दोघांनी दोन वर्षं खपून व्यवस्था केली होती. सगळं ठरलं, सुपारी फुटायची बाकी होती. महेशला वडील नाहीत, घरातला शब्द चुलत्यांचा, बसवणप्पांचा. बसवणप्पा तहसिलात कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मोबाईलवर एक पंचनामा आला. मठातील चांदीची समई चोरल्याचे मी कबूल करतो. सही, गुरुलिंगअप्पा कोरे. सही ओळखीची, कारण देण्याघेण्याच्या यादीवर तीच होती. त्यांनी निरोप पाठवला, "विचार करून कळवतो."

आमच्याकडे या निरोपाचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो.

गुरुलिंगअप्पांनी चाचांना एक शब्द बोलून दाखवला नाही, हेच वाईट होतं. सकाळचा चहा झाला, पण मूर्ख कोणी कोणाला म्हटलं नाही. शिवकांता माझ्या दुकानात कसलासा फॉर्म भरायला म्हणून आली, स्टुलावर बसली आणि रडायला लागली. "ताई, तो म्हणतोय मी काकांशी भांडतो. भांडून लग्न करायचं असतं तर दोन वर्षं कशाला घालवली आम्ही?" अर्ध्या भिंतीपलीकडे मशीनचा आवाज थांबला. ती गेल्यावर चाचा आले. "युसूफ वडगावची गाडी किती वाजता हाय?" मी म्हटलं, मीपण येते, पान मी पाठवलंय. त्यांनी नको म्हटलं नाही.

मांजरसुंब्याला बदलून, केजला बदलून, दुपारी पोचलो. चाचांच्या एका खांद्याला हत्यारांची पिशवी, दुसऱ्या हातात चौदाही कथा. ओसरीत बसवणप्पा बसलेले, समोर त्या पानाची रंगीत प्रिंट. पाणी मिळालं, चहाचं कोणी विचारलं नाही. चाचांनी सगळं सांगितलं, पहिल्या कथेपासून. मयत झालेली मी समोर बसलेच होते, पुरावा म्हणून. बसवणप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पानावर बोट ठेवलं.

"हे खोटं हाय म्हणता?"

"खोटं. कथा हाय."

"आन सही?"

"त्याचीच."

"खरी?"

"खरी."

"म्हंजी मजकूर खोटा, आन त्याच्याखाली माणसानं खरी सही केली. वाचून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पस्तीस वर्षं नोकरी केली, असं कागद बघितलं न्हाई."

चाचांची नजर, भेदक नव्हे, नेहमीची, ओसरीच्या कोपऱ्यात गेली. तिथे मशीन होतं, कापडाने झाकलेलं. दाराआड महेशची आई, सुलोचनाकाकू, उभ्या होत्या. चाचा म्हणाले, "बाई, मशीन बघू का? आलोच हाय तर." काकू म्हणाल्या, "टाका मारताना अडकतंय खरं."

चाचांनी चुंबकाने फरशी झाडली, तीन सुया काकूंना दिल्या. पत्री काढली. चिमट्याने कचरा उचलला आणि उजेडात धरला. बराच वेळ धरला. मला बसल्या जागेवरून दिसत होतं, हिरवा धागा आणि त्यात जरीचा बारीक चुरा.

"तेल परवा सोडलं का, बाई?"

"परवाच."

"हां. हे तेलाच्या वर बसलंय." पुढे काही बोलणार नाहीत असं मला वाटलं, कारण त्यांचा नियम मला माहीत होता. ते काकूंकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "बाई, सांगू का?"

काकूंनी पदर नीट केला आणि बाहेर आल्या. "सांगा. न्हाई तर मीच सांगती." त्या दिराकडे वळल्या. "भावजी, पोरीची चोळी शिवती मी. कागद आल्यावर बी शिवतीच हाय. मापाचं ब्लाउज तिनं कधीच पाठवलंय. कागद वाचून कुणी घरात येणारी पोरगी टाकतं का?"

बसवणप्पांनी प्रिंट उचलून पुन्हा एकदा वाचली. माणूस वाईट नव्हता, कारकून होता. शेवटी म्हणाले, "माझं बी काय न्हाई. पण हा कागद गावभर झालाय. उद्या कुणी काढला तर मी काय दाखवू? कागद रद्द करायला कागदच लागतो."

चाचांनी वही मागितली. तिथेच, मशीनच्या फळीवर, त्यांनी लिहायला घेतलं. टिपणीस पुन्हा आला. त्याने हंडा पुन्हा तपासला. हंड्याच्या आत त्याला मशीनच्या तेलाचा डाग सापडला. गुरुलिंगअप्पा निर्दोष. समई चोरणारा माणूस सर्वांच्या घरात हत्यारांची पिशवी घेऊन जातो, त्याला कोणी अडवत नाही, आणि त्याचे नाव शेख हमीद. खाली त्यांनी आपली सही केली. ते कायम उर्दूत सही करत. पंच म्हणून बसवणप्पांनी केली, आणि करताना विचारलं, "पूर्ण कथेत मला जागा हाय का कुठं?" मग चहा आला.

परतीच्या गाडीत मी गप्प बसू शकले नाही. "चाचा, तुम्ही लोकांच्या घराघरांत जाता. मठातली वस्तू, आणि तुमचं नाव. हा कागद कोणी पाठवला कुठे, तर?" काय म्हणायचं आहे ते मी पुरतं बोलले नाही, बोलावं लागलं नाही. चाचा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "चूक माझी व्हती. बाहेरगावच्याला किती दिवस धरायचं?" मांजरसुंब्याला उतरताना म्हणाले, "सुरेखाताई, मला शक हाय, की मी आज घाबरलोय."

मी घरी न जाता सरळ गुरुलिंगअप्पांकडे गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर उभे होते. हातात अर्धा कागद, त्यावर तीन ओळी. "टाईप कर. येक अक्षर बदलायचं न्हाई." लिहिलं होतं: "समई आम्ही सर्वांनी मिळून चोरली. हमीद त्यात नव्हता. तो त्या दिवशी युसूफ वडगावला होता." खाली पंचनाम्याचा नमुना नेहमीचा, फक्त गुन्हेगार या शब्दापुढे पानभर जागा. पहिली सही त्यांनी केली. मग तो कागद घेऊन ते स्वतः बाजारात फिरले. दत्ताने केली, मान खाली घालून. हेडमास्तरांनी खिशातल्या पेनाने केली. फळवाला, चक्कीवाला, औषधवाला, लग्नाची पोरं असलेले, निवडणुकीला उभे राहणारे. मठातल्या महाराजांनी विचारलं, "समई तर इथंच आहे की." गुरुलिंगअप्पा म्हणाले, "म्हणूनच तर, सही करा." त्यांनी केली. मीही केली. बेचाळीस झाल्या.

चाचांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा सरकवून सगळ्या सह्या वाचल्या. दोनदा वाचल्या. मग म्हणाले, "येक समई उचलायला बेचाळीस माणसं? वाचक हसंल." आणि आत जाऊन उगाचच मशीन चालवत बसले, त्यात दोरा नव्हता.

लग्न थाटात झालं. मांडवात बसवणप्पांनी खिशातून चाचांचा कागद काढला, गुरुलिंगअप्पांनी बेचाळीस सह्यांचा दाखवला. बसवणप्पांनी तो पूर्ण वाचला, म्हणाले, "हा चालंल," आणि एक झेरॉक्स मागितली. चाचांचा कागद गुरुलिंगअप्पांनी घेतला, चार घड्या केल्या आणि आचाऱ्याच्या चुलीत टाकला. शिवकांताची चोळी हिरवी होती, जरीकाठी.

चाचांनी त्यानंतर कथा लिहिली नाही. डोळे साथ देईनात, सुईत दोरा ओवता येईना. पुण्यात असलेला त्यांचा मुलगा न्यायला आला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्टँडवर. अर्धा बाजार आला होता. गुरुलिंगअप्पांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की घरी भाकरी खाल्ल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, आणि शेजारी बसून दोन वाढल्या होत्या. चाचा खिडकीत, मांडीवर हत्यारांची पिशवी. गुरुलिंगअप्पांनी खिशातून तो बेचाळीस सह्यांचा कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"येक सही राह्यली."

"कुणाची?"

"तपास अधिकाऱ्याची."

"त्याची परवानगी न्हाई आपल्याकडं."

"जलमभर त्याला जेवू घातलंस. आता कसली परवानगी बे? कर."

कंडक्टरने घंटी दिली. चाचांनी माझ्याकडे पेन मागितला, चष्मा पुसला, कागद पिशवीवर ठेवला आणि टिपणीसच्या नावापुढे लिहिलं. जरा जास्तच वेळ लिहिलं. कागद माझ्या हातात दिला आणि गाडी हलली. गुरुलिंगअप्पा गाडी वळेपर्यंत काहीतरी ओरडत होते, ते 'मूर्ख' असावं.

पाच महिन्यांनी पुण्याहून फोन आला. हमीदचाचा गेले. मी दुकान अर्धं बंद केलं आणि तो कागद काढून बसले. त्या पानावर मला न वाचता येणारं तेवढंच एक होतं. उर्दू शाळेतल्या शमीमबाई झेरॉक्सला आल्या, त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "सही आहे. शेख हमीद."

"एवढंच?"

"नाही, खाली एक ओळ आहे." त्यांनी कागद उजेडात नेला. "जेवून निघालो."